पाटी न बघता दाबलेलं बटण

रविवारी दुपारी लेक ओट्यावर कॉम्प्युटर घेऊन बसली होती. सोमवारी साहेबांना काम दाखवायचं होतं आणि ते बिघडलं होतं. मी शेजारी तांदूळ निवडत होते. तिच्या प्रोग्रामच्या पोटात एक कामगार असतो, त्याला ती थ्रेड म्हणते. थांबवला की तो झोपतो, खूण केली की उठून कामाला लागतो. त्या झोपण्या-उठण्याच्या सोयीला कंडिशन व्हेरिएबल म्हणतात म्हणे.

"पण ह्यो थांबवलेला असतानाच काम करतोय, आई."

"खूण न करता उठला?"

"उठतो कधी कधी उगाच. दुसऱ्याच्या खुणेनं पण उठतो."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

शुक्रवारी मी तेच केलं होतं. भरे गावाजवळच्या कारखान्यात मी पिशव्या बंद करायच्या मशीनवर आहे. प्लास्टिक अडकलं की मी मशीन थांबवते. जोडीदारीण खिळ्याला 'चालू करू नका' अशी लाल पाटी अडकवते आणि आत हात घालते. काम झालं की पाटी काढून घंटा वाजवते, मग मी बटण दाबते. त्या दिवशी घंटा झाली आणि मी दाबलं. घंटा शेजारच्या मशीनची होती. पाटी खिळ्यालाच होती. तिनं नेमका तेव्हाच घाम पुसायला हात बाहेर काढला होता. तिला वाटलं, मशीनच बिघडलंय. बटण मीच दाबलं, हे मी तिला सांगितलं नाही.

लेकीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"आई, तिचा हात गेला असता."

"व्हय."

मग ती कॉम्प्युटरकडे वळली. "मी पण थ्रेडला झोपायच्या आधी एकदाच पाटी, म्हंजी 'थांब' असं लिहिलेलं, बघायला लावली व्हती. उठल्यावर परत बघाय पायजे. पाटी असली तर परत झोपायचं. जितक्यांदा उठंल तितक्यांदा."

तिनं एकच शब्द बदलला, 'जर'च्या जागी 'जोवर'. पाटी तशीच ठेवून थ्रेडला खूण केली. तो उठला, परत झोपला. पाटी काढून खूण केली, तेव्हाच कामाला लागला.

सोमवारी मी जोडीदारणीला सांगितलं. ती आपला हात उलटसुलट करून बघत राहिली.

"तू दाबलं व्हतंस? आणि मी मशीनला शिव्या घालतीय." मग तिनं खिळ्याकडे बोट केलं. "घंटा झाली की आधी पाटी बघ. मग माझं तोंड बघ. मग बटण."

त्या दिवशी आमचं मशीन थांबलेलं असताना शेजारची घंटा तीनदा वाजली. तीनदा मी मान वर केली. पाटी होती. हात मांडीवरच ठेवला.