पेल्याची कड

मंगळवार पेठेतला चन्नवीर किराणावाला एकदा बोलायला लागला की त्याच्या जिभेला हाड म्हणून नसायचं. शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी सगळ्या जातींना खुल्या केल्या, तेव्हा तर गिऱ्हाइकाचा गूळ तागडीत तसाच ठेवून तो सांगत बसायचा, "पावणं, आमच्या येशूनं ह्येच सांगितलंय की! देवाच्या दारात कोण वर न्हाय, कोण खाली न्हाय." गिऱ्हाईक बिचारं माना डोलवायचं. बोलायला काय जातंय?

मूळचा हा गडहिंग्लजकडचा लिंगायत. ख्रिस्ती झाला तेव्हा बापानं त्याच्या नावानं आंघोळ केली आणि आई बसव्वा मरेस्तोवर त्याच्याशी बोलली नाही. एवढं सोसून आलेला माणूस म्हणून ख्रिस्ती मंडळीत त्याला मोठा मान. मंडळीनं त्याला आपला वडील, म्हणजे पंच, नेमलं होतं. प्रभुभोजनाचा पेला त्याच्याच ताब्यात असायचा.

तिथली रीत अशी की येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. पेला हातोहात फिरायचा आणि शेवटी उरलेला रस वडिलानं पिऊन संपवायचा. अगदी दाराशी तानाबाई बसायची. मांगवाड्यातली म्हातारी विधवा, केरसुण्या बांधून पोट भरणारी. तिचा घोट झाला की पेला थेट चन्नवीरच्या हातात.

आणि खरी मेख होती ती इथंच! गड्यानं गळ्यातलं लिंग उतरवलं, घरदार सोडलं, पण तानाबाईचं उष्टं काही त्याच्या गळ्याखाली उतरेना. तो पेला तोंडाशी न्यायचा, डोळे मिटायचा आणि ओठ घट्ट आवळून धरायचा. मग मागच्या मोरीत रस ओतून द्यायचा आणि पेला राखेनं घासायचा, चिंचेनं घासायचा, परत राखेनं घासायचा. दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू द्यायचा नाही. लोक काय म्हणायचे? "एवढा दुकानदार माणूस, पण भांडं सवता घासतोय बघा!" मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, यांनी तर एकदा भर उपदेशात सांगितलं, की नम्रता शिकायची असेल तर चन्नवीरअण्णांकडे बघा. अण्णांनी मान खाली घातली. लोकांना तीही नम्रताच वाटली. आतून मात्र स्वारीला गुदगुल्या होत होत्या, आता खोटं कशाला सांगा!

त्या वर्षी दसरा झाल्यावर तानाबाई तापानं अंथरुणाला खिळली. ती काही यातून उठत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. पाळकसाहेब तिला प्रभुभोजन द्यायला तिच्या घरी निघाले. पेला घेऊन चन्नवीर मागोमाग.

प्रार्थना झाली. पाळकसाहेबांनी पेला पुढं केला, तर तानाबाईनं तोंड फिरवलं.

"नगं सायेब. माझी लायकी न्हाय."

"अगं तानाबाई, लायकी कुणाचीच नसते. म्हणून तर प्रभू बोलावतो."

"मग अण्णा का घेत न्हाईत?"

चन्नवीर दाराकडे सरकला.

"माझ्याच हातनं पेला घेत्यात न्हवं? बघते की समदं," म्हातारी दम खात बोलत होती. "अण्णा पेला तोंडाला लावत्यात, पर घोट घेत न्हाईत. एवढं सोडून आल्यालं माणूस, आमचं भांडं घासतंय, आन तरीबी सवताला पापी समजतंय. मग मी कोण लागून गेले? मीबी कवापासनं घेत न्हाय. नुस्ता ओठाला लावते न् त्यांच्या हातात देते."

पाळकसाहेबांनी वळून चन्नवीरकडे बघितलं. कौतुकानं बघितलं हो! ते त्याला जास्त लागलं. 'खरंय, मी पापीच,' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. खोटंही झालं नसतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर म्हातारी जीव जायच्या वेळेला त्याच्यापायी उपाशी राहत होती. त्याला स्वतःची किळस आली.

"तानाबाई," तो म्हणाला, "मी पापी म्हणून न्हवं गं. तुझं उष्टं म्हणून घेत न्हवतो. मोरीत वतत हुतो."

चुलीपाशी बसलेली तिची सून चिमणाबाई उठली आणि त्याच्याकडे न बघता बाहेर निघून गेली. चन्नवीरला वाटलं, ही म्हातारी आता शिव्या देईल, थुंकेल तोंडावर. द्याव्यात, थुंकावं, म्हणजे जरा तरी बरं वाटेल.

तानाबाईनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"आसं व्हय," ती म्हणाली. "म्हंजे मी घेतलं तर चालतंय म्हना की."

तिनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि घोट घेतला. चांगला मोठा घोट घेतला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

चन्नवीर खाली बसला. त्यानं हात पुढं केला. "आण, दे मला."

ती थबकली. मग पदराचं टोक घेतलं आणि पेल्याची कड पुसली. नीट, गोल फिरवून, अगदी मन लावून पुसली. तोंडावर राग नाही, टोमणा नाही. घरी आलेल्या पाहुण्याला भांडं पुसून द्यावं तशी.

पुसू नगंस, असं तो म्हणणार होता. पण तोवर पुसून झालं होतं.

"घ्या, अण्णा," ती म्हणाली.

तो प्याला. मान वर करायची त्याची छाती झाली नाही.

तानाबाई त्याच आठवड्यात गेली. चन्नवीरनं वडीलपण सोडलं आणि दाराशी, तिच्या जागेवर बसायला लागला. दुकानातली प्रवचनं बंद झाली. कुणी नम्र म्हणून त्याचं नाव काढलं की तो उठून चालू पडायचा. पेला आता कुणाच्याही हातून येवो, तो घोट घ्यायचा. पण तानाबाईच्या पाठोपाठ, न पुसलेल्या कडेचा घोट घ्यायचा मात्र राहूनच गेला.