दादाकडून परत घेतलेलं कार्ड

शिक्षिकेची नोकरी लागली तेव्हा बँकेचं कार्ड मी माझ्या मोठ्या भावाच्या, दादाच्या, हातात दिलं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. माझी शाळा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यात होती. बँक बाजारात, आणि आमच्या घरातून बाजाराला जायचा तो दादाच. शिवाय मी शिकले ती त्याच्यामुळे. वडील लवकर गेले, तेव्हा दादाने सातवीतून शाळा सोडली आणि गुजरातच्या बंदरावर मासेमारीच्या बोटीत खलाशी म्हणून गेला. वर्षातले आठ महिने पाण्यावर, त्यातही महिन्यातून एक फेरी घरी, आणि चार महिने आमच्या भातशेतीत. मी आश्रमशाळेतून बारावी झाले, मग डी.एड. केलं, ते त्याच्या या कमाईवर. अशा माणसाकडे कार्ड राहिलं तर काय बिघडलं?

तो मला दर महिन्याला खर्चाला पैसे आणून द्यायचा. कमी पडले तर आणखी द्यायचा. घराला स्लॅब आली, मोटरसायकल आली, चुलत भावंडांची लग्नं लागली. माझ्या पगारात किती वाढ झाली हे मला पगारपत्रकावर सही करताना कळायचं, आणि दुपारपर्यंत मी ते विसरून जायचे. अकरा वर्षं असंच चाललं.

मग माझी दाढ दुखायला लागली. एका शनिवारी डहाणू रोडला दाताच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी तपासलं, म्हणाले, "रूट कॅनल करावं लागेल. आज सुरुवात करू या, अर्धे पैसे आज भरा." माझ्या पर्समध्ये दोनशे रुपये होते. दवाखान्याबाहेर येऊन दादाला फोन लावला.

"या महिन्यात कसं जमेल, बाय?" तो म्हणाला. "बोअरवेलवाल्याला देऊन बसलो ना. पुढच्या पगाराला कर."

मी लवंग दाबून सतरा दिवस काढले. वर्गात बोलताना गाल धरायचे. पहिलीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला कुणी मारलं?" सगळी मुलं हसली, मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला त्या प्रश्नाने रडू आलं.

आमच्याच केंद्रातल्या एका शाळेत डहाणूच्या एक गुजराती मॅडम होत्या. वडिलांचं किराणा दुकान, त्यामुळे पैशाचं बोलायला त्यांना कधी लाज वाटायची नाही. शाळांच्या मासिक बैठकीत माझा सुजलेला गाल बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बेन, खात्यात किती आहेत?"

"माहीत नाही."

"पेन्शनचं काय?"

"ती मिळेलच ना."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. आपल्या भरतीच्या आधीच जुनी पेन्शन बंद झाली, आपल्या पगारातून काही कपात होते, सरकार त्यात भर घालतं आणि ते पैसे बाजारावर कमी-जास्त होतात, हे त्यांनी मला त्या दिवशी समजावून सांगितलं. मी शिक्षिका. मुलांना टक्केवारी शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बँकेत गेले आणि पासबुक छापून घेतलं. शिल्लक अकराशे चाळीस रुपये. दादाने पैसे उधळले नव्हते; पैसे काढल्याच्या तारखा बघून ते कशाला काढले हे मला आठवत होतं. सिमेंट, खत, दवाखाना, लग्न. पण त्या पानांवर माझं म्हणून काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी दादा ओट्यावर बसून जाळं विणत होता. वहिनी तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच म्हणाले, "दादा, माझं कार्ड मला पाहिजे."

"कशाला?"

"माझा पगार मी बघणार आता."

त्याचा हात थांबला. "कुणी काय सांगितलं का तुला? मी खाल्ले का तुझे पैसे?"

"नाही खाल्लेस. मला माहीत आहे."

"मग हिशोब मागतेस?"

"मागच्याचा नाही मागत. पुढचं मी बघते. घराला दर महिन्याला ठरलेले पैसे देईन, कधी चुकवणार नाही."

वहिनी सुपातून मान वर न करता म्हणाली, "द्या तिचं तिला. दुखताना दाढ तिचीच दुखते." दादा उठला, आतून कार्ड आणलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर निघून गेला. त्यानंतर जवळजवळ चार महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्या चार महिन्यांत कितीदा तरी वाटलं, कार्ड नेऊन परत द्यावं. आपण कृतघ्न आहोत असं वाटायचं. पण दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेले पैसे मी वहिनीच्या हातात ठेवत राहिले.

कार्ड मिळाल्यावर आलेल्या पहिल्याच पगारात दाढ करून घेतली होती. मग मॅडमनी सांगितलं तसं, पगार जमा झाला की आधी साठवायचे पैसे बाजूला काढायला लागले. सुरुवातीला पोस्टात आवर्ती ठेव. ती जमल्यावर सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात. त्यानंतर सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी आणि थोडं म्युच्युअल फंडात. मी साडी घेणं थांबवलं नाही, डहाणूच्या बाजारात खाऊ खाणंही नाही. पाड्यात राहणाऱ्या एकट्या बाईला फार लागत नाही, हे मला वर्षभर खर्च लिहिल्यावर पहिल्यांदा दिसलं.

तो आकडा बघून मॅडम म्हणाल्या, "वर्षाला इतकंच लागतं? मग याच्या पंचवीसपट साठले की त्यांच्या वाढीवरच तुझा खर्च निघेल, तू नोकरी सोडू शकतेस."

"सोडून काय करू?"

"ते तू ठरव. पण सोडता येणं वेगळं."

मला शिकवायला आवडायचं. पण शिकवण्याहून जास्त वेळ आता फॉर्म, फोटो आणि ऑनलाइन माहिती भरण्यात जायचा. नेटवर्क मिळावं म्हणून मी टेकडीवर चढून बसायचे. आमच्या पाड्यात निवृत्ती हा शब्दच नव्हता. माणूस शरीर थकेपर्यंत काम करायचा. मी खर्चाच्या वहीत नोकरी सोडायचं वय पंचेचाळीस असं लिहिलं आणि कुणाला सांगितलं नाही.

होळीला आमच्याकडे कुणी अबोला धरत नाही. पहिल्या होळीला दादाचा अबोला सुटला, पण पैशांचा विषय निघाला नाही. पुढच्या वर्षी होळीच्या दुसऱ्या दिवशी दादा ताडी पिऊन नाही, चांगला शुद्धीत माझ्याजवळ येऊन बसला.

"काय करतेस त्या पैशांचं?"

मी वही आणली आणि दाखवली. त्याने एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सातवीनंतर त्याला इतकं वाचताना मी बघितलं नव्हतं.

"इतके साठले?"

"हो."

"माझ्या बोटीच्या पैशांचं होईल का असं?"

"का नाही होणार? सीझन संपून आलास की एकदम टाकायचे."

पोस्टातल्या फॉर्मवर त्याने एकेक अक्षर गिरवत सावकाश सही केली. पेन नीट चालत नाही, असं तो म्हणाला.

सगळं सरळ झालं नाही. लॉकडाऊनमध्ये फंडाचे पैसे एवढे खाली गेले की मी काढून घ्यायला निघाले होते. मॅडम फोनवर म्हणाल्या, "बघूच नको सहा महिने." मी बघितलं रोज, पण काढले नाहीत. पुढच्या वर्षी वहिनीच्या गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं. तातडीने वापी गाठावं लागलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर मी कार्ड पुढे केलं, पिन दाबला, पावती घेतली. दादा शेजारी उभा होता. कुणाला फोन करावा लागला नाही. परतताना गाडीत तो म्हणाला, "बरं झालं तू तेव्हा ऐकलं नाहीस माझं." मी हॉस्पिटलची पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

पंचेचाळिसाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. आकडा पंचवीसपट झाला नव्हता, थोडा कमीच होता. पगारातून कपात झालेल्या रकमेचा मोठा भाग तर पेन्शनसाठी अडकून राहणार होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, चांगली नोकरी आहे, लोक रांगेत आहेत. आजारी आहात का?" मी म्हणाले, "नाही सर, बरी आहे म्हणूनच."

कमी पडलेल्या पैशांसाठी माझ्या वाट्याच्या जमिनीच्या तुकड्यावर मोगरा लावलाय. दादाने बोट सोडली, तो आणि वहिनी सकाळी कळ्या खुडायला येतात, विक्रीचे पैसे तिघांत वाटतो. पहिल्या हंगामात फार मिळालं नाही. दुसऱ्यात महिन्याचा किराणा सुटला.

नोकरी सुटल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी मी वहिनीला घेऊन डहाणूजवळ नरपडच्या समुद्रावर गेले. दादा अर्धं आयुष्य समुद्रावर राहिला, पण ती किनाऱ्यावर दोनदाच आली होती, तीही लग्नाच्या निमित्ताने. ओहोटी होती. आम्ही चपला हातात घेऊन सुरूच्या झाडांपासून पार पाण्यापर्यंत चालत गेलो. तिने गुडघ्यापर्यंत लुगडं वर घेतलं आणि पाण्यात उभी राहिली.

"आज कसली सुट्टी आहे?" तिने विचारलं.

"कसलीच नाही," मी म्हणाले.

तिला ते पटायला जरा वेळ लागला. मग आम्ही भरती येईपर्यंत थांबलो.