करामातल्या हळदीकुंकवाला आलेली बाई

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या अंगावर काटा येतो... माझ्या अंगावर काटा यायचा तो फक्त नवऱ्याने एसी सोळावर ठेवला की. अमावास्येची तिकिटं सहज मिळतात म्हणून हटकून अमावास्येलाच भारतात येणारी मी! पण त्या दुपारी खोलीत असलेल्यांपैकी सासूबाई गेल्या, मिस ऑड्री गेली, तेव्हा म्हटलं कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

१९९८ चा जानेवारी. दुबईत करामामध्ये, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बेडरूमचा फ्लॅट होता. काय दिवस होते ते! खाली उडप्याचं हॉटेल, समोर साड्यांचं दुकान, शुक्रवारी सकाळी जिन्यात सगळ्या घरांच्या फोडण्यांचा एकत्र वास. मी एका इंग्लिश शाळेच्या लायब्ररीत असिस्टंट होते आणि मिस ऑड्री माझी बॉस.

मिस ऑड्री म्हणजे साठीला टेकलेली, उंच, काटकुळी, भयंकर शिस्तीची बाई. लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले, भाऊबहीण नाही. तिला नाद एकच, लेडी पर्पेच्युआ. ट्यूडर राजांच्या काळातली ही कुणी सरदारघराण्यातली बाई, साडेचारशे वर्षांपूर्वीची. तिला दोन मुली. थोरलीच्या वंशातली शेवटची म्हणजे आमची मिस ऑड्री. धाकटीचा वंश मात्र मध्येच कुठेतरी हरवला होता, आणि मिस ऑड्री तो वर्षानुवर्षं शोधत होती. शाळा सुटली की मी तिची पत्रं टाइप करायची, वंशवृक्षाचे प्रिंट काढून कागदाला कागद चिकटवायची. तो वृक्ष लायब्ररीच्या दोन टेबलांवरून खाली लोंबायचा.

मी तिला चिडवायची. "मिस ऑड्री, आमच्याकडे लग्नात मुलीचं आडनावच काय, नावसुद्धा बदलतात. तुमचं काम सोपंच आहे म्हणायचं!"

ती हसायची. पण एकदा हसली नाही. म्हणाली, "वीणा, जूनमध्ये मी रिटायर होणार. व्हिसा खलास. इंग्लंडमध्ये मला घर आहे, पण दारावरची बेल वाजवेल असं कुणी नाही. मला त्या लेडीची इस्टेट नको, मोठेपणा नको. जिला माझी म्हणता येईल अशी एक व्यक्ती हवीय. फक्त एक."

मी लगेच म्हटलं, "या शुक्रवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे. नक्की या."

खालच्या मजल्यावरच्या डोरीन आंटीलाही बोलावलं होतं. ही मूळची खडकीची अँग्लो-इंडियन, नवरा गेल्यावर दुबईत येऊन सेक्रेटरीची नोकरी करायची. मराठी अशी फर्डी की भाजीवाल्याने घाबरावं. सासूबाई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. त्या कुरकुरल्या, "एक कुमारिका नि एक विधवा... हे कसलं गं हळदीकुंकू?"

"आई, इथे घरापासून लांब राहतात त्या सगळ्या सवाष्णीच," मी म्हटलं. त्यांनी गुलाबदाणी उचलली आणि दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आता हळदीकुंकवाची रीत तुम्हाला माहीतच आहे. आलेली बाई शेजारणीला आणते, शेजारीण नणंदेला आणते. दारात आलेल्या बाईला "आपण कोण?" असं विचारायचं नसतं. कुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, वाण द्यायचं. तेच मी केलं. चारच्या सुमाराला घर गच्च भरलेलं असताना सोफ्याच्या कडेला एक वयस्क बाई बसलेली दिसली. राखाडी रंगाचा, गळ्यापर्यंत बंद, पायघोळ झगा. मला वाटलं, मिस ऑड्रीची मैत्रीण. मी कुंकू लावलं, ती मंद हसली. वाणाची स्टीलची वाटी तिने दोन्ही हातांनी घेतली.

मी वळून दुसरीकडे गेले. परत पाहते तर ती उठून उभी. तिने खिडकीशी अवघडून बसलेल्या मिस ऑड्रीचं मनगट धरलं, तिला चालवत आणलं आणि डोरीन आंटीच्या शेजारी बसवलं. मग माझ्याच तबकातलं कुंकू घेऊन दोघींच्या कपाळाला लावलं.

मिस ऑड्री कुणाच्याही शेजारी बसली की पाच मिनिटांत लेडी पर्पेच्युआवर यायची. तशी आलीच. आणि डोरीन आंटीच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला.

"काय नाव म्हणालात?" तिने विचारलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "अगं वीणा, माझं मिडल नेम पर्पेच्युआ आहे! माझ्या आईचं पण तेच, आजीचं पण. लहानपणी मला कसली लाज वाटायची त्या नावाची! का ठेवतात म्हणून विचारलं की आजी म्हणायची, ठेवायचं असतं."

मिस ऑड्रीने तिचा हात जो धरला तो निघेपर्यंत सोडला नाही.

सगळ्या पांगल्यावर मी म्हटलं, "मिस ऑड्री, तुमच्या मैत्रिणीचे आभार मानायचे राहिले."

"माझी मैत्रीण? मला वाटलं, तुझ्या सासूबाईंची कुणी," ती म्हणाली.

डोरीन आंटीला ती मिस ऑड्रीच्या ओळखीची वाटली होती. सासूबाई म्हणाल्या, "झगा कुठला? चांगलं हिरवं लुगडं होतं की अंगावर. पण दारातून नाही हो आली. प्रत्येकीवर गुलाबपाणी शिंपडलंय मी." आमच्या फ्लॅटला दार एकच होतं. ती जाताना कुणीच पाहिली नाही. वाटी मात्र घेऊन गेली.

योगायोग म्हणाल तर मीही तेच म्हणत होते. पण पुढे इंग्लंडमधल्या जाणकारांनी चर्चच्या नोंदी तपासल्या आणि दुवा लागला. धाकटीच्या वंशातला एकजण पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला होता आणि खडकीतच राहिला होता. डोरीन आंटी त्याच्याच वंशातली, म्हणजे मिस ऑड्रीची कित्येक पिढ्यांपलीकडची बहीण. मी हट्टाने लेडी पर्पेच्युआच्या चित्राची कॉपी मागवून घेतली. तीच बाई निघाली असती तर गोष्ट किती छान जमली असती! पण नाही. नाक वेगळं, डोळे वेगळे, काही म्हणजे काही जुळलं नाही.

मिस ऑड्री जूनमध्ये इंग्लंडला परत गेली. डोरीन आंटी दर सुट्टीत तिच्याकडे जायची. २००३ मध्ये मिस ऑड्री फार आजारी पडली, तेव्हा ही रजा टाकून धावली. तिथून मला फोन केला. "वीणा, हॉस्पिटलात विचारलं, पेशंटच्या तुम्ही कोण? मी म्हटलं, बहीण. तर आतून ऑड्री ओरडते कशी... कझिन! थर्टीन्थ कझिन! मरायला टेकली तरी चूक खपत नाही बाईला." ती हसत होती आणि रडत होती, आणि इकडे मीही. दोन दिवसांनी मिस ऑड्री गेली. डोरीन आंटी उशाशी होती.

त्या दुपारी आमच्या घरी कोण आलं होतं, मला आजही माहीत नाही. कुणाला उलगडा सुचला तर सांगा, मला अजून सुचलेला नाही. एवढं मात्र शपथेवर सांगते, मी कुंकू लावलं तेव्हा तिचं कपाळ माझ्या बोटाला ऊबदार लागलं होतं.