सलीमभाईंना फोनवर वाचून दाखवलेली कमांड

मंडळी, आज दुपारी सर्व्हरवर हजेरीच्या डेटाला जागाच उरली नाही. जुन्या व्हॉल्यूम ग्रुपमधली, म्हणजे एकत्र बांधलेल्या डिस्कांच्या गटातली, एक डिस्क रिकामी करून हजेरीच्या ग्रुपला जोडायची होती. चुकीची डिस्क निघाली तर सगळ्यांची हजेरी गेली.

ऊर्जानगरच्या वीज केंद्रातल्या आमच्या सर्व्हरच्या खोलीत एक रीत होती. एकानं कमांड लिहायची, दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची, मगच एंटर. आता खोलीत मी एकटाच उरलोय.

शेवटी याच खोलीतून रिटायर झालेल्या सलीमभाईंना बल्लारपूरला फोन लावला आणि कमांड वाचून दाखवली.

"डिस्क खाली केली ना? मंग मार एंटर."

जागा झाली. त्यांनी फोन ठेवला नाही.

"उद्या बी काई असन तं फोन करजो गा," म्हणाले.

मी हो म्हटलं. हलवण्यासारखी एकही डिस्क आता उरलेली नाही. उद्या त्यांना काय वाचून दाखवू, सांगा.