नऊ पोरांची सुट्टी

पहिली चूक माझीच. शिडीवरून उतरलो, तो तसाच मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलो आणि पांढरा टॉवेल टाकलेल्या खुर्चीवर जाऊन बसलो.

समितीची बैठक होती. महापालिकेच्या शाळेत माझी पोरगी तिसरीत आहे, आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य. धंद्यानं पेंटर. शाळेच्या भिंती रंगवत होतो तेव्हा निरोप आला, बैठकीला या. बाकीच्या खुर्च्या भरलेल्या. एकच रिकामी. आता पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कळायला पाहिजे, की सरकारी खोलीतली टॉवेलवाली खुर्ची रिकामी दिसली तरी रिकामी नसते. नाही कळलं. गुडघे दुखत होते. बसलो.

"ऊठ! ऊठ आधी! तुझ्या बापाची खुर्ची आहे का ती?"

सर माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. एरवी 'अहो पेंटर' म्हणायचे. एका टॉवेलापायी 'तू'वर आले. मी उठलो. टॉवेलवर माझ्या बुडाचे दोन निळे ठसे. रंग ओला होता.

"नकाशा काढला बघा पेंटरनं," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. आमच्याकडं ही कला वारशानं येते. दुसरा आपल्याला हसायच्या आत आपण हसून घ्यायचं. मार कमी लागतो.

सरांनी तो टॉवेल दोन बोटांच्या चिमटीत उचलला आणि शिपायाकडं दिला.

"धू नकोस. टाकून दे."

रंग होता तो. धुतला असता तर गेला असता. मला माहीत आहे, तीस वर्षं माझी बायको माझे कपडे धुतेय.

मी कोपऱ्यात पोरांच्या बाकड्यावर बसलो. गुडघे छातीला लागले.

ही शाळा आमच्यासाठी काय होती ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी तिथं दोन भाषांचा वर्ग सुरू झाला. पुस्तकाच्या एका पानावर मराठी, समोरच्या पानावर तेच इंग्रजीत. गणित दोन्हीत. फी नाही. आमच्या वस्तीत पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. पोरीचं नाव घालायच्या आधी मी शाळेचं मूल्यांकन केलं होतं, माझ्या पद्धतीनं. नळाला पाणी येतं का बघितलं. मुलींच्या संडासाला आतून कडी आहे का, आत जाऊन लावून बघितली. मग खिडकीखाली उभा राहून ऐकलं, की बाई पोरांना नावानं हाक मारतात का आडनावानं. नावानं मारत होत्या. त्याच दिवशी सांचीचं नाव घातलं.

भिंती मी फुकट रंगवल्या. रंग शाळेचा, हात माझे. आंबा, चिमणी, ढग, आणि खाली दोन्ही भाषांत नाव. इंग्रजी मला वाचता येत नाही. मी इंग्रजी लिहीत नाही, काढतो. शहराचं नाव बदललं तेव्हा पाट्या बदलायचं काम मला सहा महिने पुरलं, तेव्हापासून इंग्रजी अक्षरावर माझा हात चांगला बसलाय. अर्थ दुसऱ्यानं लावायचा.

तर बैठक. दुसऱ्या दिवशी वरून मूल्यांकनवाल्या मॅडम येणार होत्या. सर म्हणाले, मॅडम तिसरी-चौथीच्या पोरांना उभं करून दोन्ही भाषांत विचारणार. सगळ्यांची मिळून सरासरी काढणार. सरासरी पडली तर हा वर्ग इथून उचलून दुसऱ्या शाळेला देणार.

"कच्ची पोरं एक दिवस घरी राहिली तर कुणाचं काय बिघडतं? वर्ग तर वाचेल. पेंटर, तुमच्याच भागातली आहेत. तेवढं घरोघर सांगून या."

आणि एक कागद माझ्या हातात. टॉवेलाची लाज अजून बुडाला ओली होती. त्या लाजेत मी 'हो सर' म्हणालो आणि कागद न वाचता खिशात घातला. वाटलं, चला, साहेब लोकांनी आपल्यावर काम सोपवलं, टॉवेलाची भरपाई झाली. असला मी.

पहिलं घर शबानाभाभीचं. दारात पोराला आंघोळ घालत होती.

"भाभी, उद्या पोराला शाळेत पाठवू नका. साहेब लोक येणारेत."

"कायकू? हमारा बच्चा काटता क्या साहब लोगां कू?"

मी हसलो. "एक दिन की बात है, भाभी. वर्ग वाचवायचाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "तुम बोल रै तो ठीक है भाई."

हे वाक्य मला पुढं घरोघर मिळालं. एक म्हातारा नातीला सांभाळतो. तिला बाप नाही. तो म्हणाला, "तू कमिटीत हाईस बाबा. तू म्हन्तो म्हंजी बराबरच आसंल." एका घरी तर चहा दिला. मी प्यालो. पोरगं समोर उभं होतं. त्याला म्हणालो, "मज्जा आहे तुझी, उद्या सुट्टी." ते खुश झालं.

सातव्या घरी माझ्या लक्षात आलं, की मी फारसा चाललोच नाही. रिक्षा लागली नाही, गल्ली बदलली नाही. पाय आधी शहाणे झाले, डोकं नंतर. तिसरी-चौथी मिळून साठेक पोरं. कागदावर ओळी नऊ. आतापर्यंतची सातच्या सात आमच्या एका नळावर पाणी भरणारी.

आठवं घर सांगून झालं आणि शेवटची ओळ वाचली. सांची. तिच्या नावामागं माझं नाव. त्यामागं आडनाव. सरांचं अक्षर फार सुंदर आहे.

मी नळाच्या ओट्यावर बसलो आणि मला लासूर स्टेशनच्या अलीकडचं आमचं गाव आठवलं. मी चौथीत होतो. डिप्टीसाहेब तपासणीला येणार होते. आदल्या दिवशी गुरुजींनी आम्हा पाच जणांना उभं केलं. "तुम्ही उद्या येऊ नका. तुम्हाला सुट्टी." मी नाचत घरी गेलो. आईला सांगितलं, गुरुजींनी मला खास सुट्टी दिलीय. आईला अक्षर येत नव्हतं. तिला वाटलं, पोरानं काहीतरी मिळवलं. तिनं भाकरीवर गूळ ठेवला. शेजारणीलाही सांगून आली. दुसऱ्या दिवशी शाळेतून प्रार्थना ऐकू येत होती आणि आम्ही पाच जण ओढ्यात पोहत होतो. ते पाच कोण होते, कुठल्या आळीचे होते, हे माझ्या डोक्यात उतरायला बारा वर्षं लागली. तोवर शाळा सुटली होती. आई गेली होती. तिला सांगायचं राहिलं, की तो गूळ कशाचा होता.

आणि आता तीच सुट्टी मी आठ घरी वाटून आलो होतो.

घरी गेलो. सांची आरशासमोर उभी राहून तयारी करत होती. "माय नेम इज सांची. सेव्हन फोर जा ट्वेंटी एट." तिला पाढे दोन्ही भाषांत येतात. फक्त ती आधी मनात 'सात चोक अठ्ठावीस' म्हणते आणि मग इंग्रजीत सांगते. तेवढ्या वेळात सर पुढच्या पोरावर गेलेले असतात. म्हणून ती कच्ची.

"सांची, उद्या सुट्टी आहे."

मला वाटलं नाचेल. मी नाचलो होतो. ती नाचली नाही.

"सगळ्यांना?"

मी पाण्याचा तांब्या घेतला.

"पप्पा, सगळ्यांना का आपल्यालाच?"

"सगळ्यांना," मी म्हणालो.

बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. मग परत चालू झाला. तिच्या कानावर गल्लीतून आधीच आलं असणार.

सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, कालचा कागद त्याच्या खिशात टाकला आणि एकटा शाळेत गेलो. हे लिहायला जड जातंय. पण गेलो.

मॅडम बोलायला चांगल्या होत्या. भिंतींसमोर बराच वेळ थांबल्या. "कुणी काढलं हे?" सर म्हणाले, "लोकसहभाग, मॅडम." वर्गात पोरं पांगवून बसवली होती, म्हणजे रिकाम्या जागा दिसू नयेत. पोरं फाडफाड बोलली. नंतर मॅडम पालकांकडं वळल्या.

"तुमचं मूल याच वर्गात ना? कुठं बसलंय?"

मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "ती आज आजारी आहे."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"व्हय," मी म्हणालो. "ताप आलाय."

"अरेरे. किती?"

"एकशे दोन."

खोटं बोलताना माणूस आकडा कशाला घालतो कोण जाणे. मॅडमनं पेन खाली ठेवलं.

"एकशे दोन? आणि तुम्ही इथं काय करताय? पोरीजवळ जा ना आधी."

रागानं नाही म्हणाल्या. मायेनं म्हणाल्या. सरांचा 'तू' मी गिळला होता, टॉवेल गिळला होता. ही माया गिळता येईना.

"ताप नाही मॅडम. पोरगी बरी आहे. तिला घरी बसवलंय. अशी नऊ पोरं घरी बसवलीत." मी खिशातला कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. "अक्षर सरांचं. पाय माझे. घरोघर मीच सांगून आलो."

"पेंटर, शुद्धीवर आहेस का?" सर उभे राहिले.

"मला नाव आहे सर. तुम्हाला माहीत आहे ते. कालच लिहिलंय तुम्ही, शेवटच्या ओळीत."

एवढंच बोललो. मोठं भाषण नाही.

मॅडमनं कागद वाचला. मग त्यांचा छापील फॉर्म उलटसुलट करून बघितला. "यात हजर मुलांचंच असतं," त्या म्हणाल्या. "गैरहजर किती, एवढाच रकाना आहे. का, ते नाही." मग घड्याळ बघितलं. "आणता येतील का मुलं? आम्ही अर्धा तास आहोत."

मी पळालो. या गुडघ्यांनी पळालो. शबानाभाभीचं पोरगं पतंग उडवत होतं. म्हाताऱ्याची नात भांडी घासत होती. कुणाचा गणवेश भिजवलेला, कुणाला चप्पल सापडेना. माझ्या घरी आलो तर सांची उंबऱ्यावर बसलेली. गणवेश घातलेला, दोन वेण्या, लाल रिबिनी, दप्तर मांडीवर. बायकोनं सकाळीच तयार केली होती. मी निघाल्यापासून ती तशीच बसून होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. हात धरायला गेलो, तर तिनं दप्तर त्याच हातात घेतलं आणि तो हात बिझी करून टाकला.

पोचलो तेव्हा गाडी गेली होती. पाऊण तास झाला होता, खरं ते सांगतो. खोलीत चहाचे कप होते. नऊ पोरं मी रंगवलेल्या भिंतीखाली ओळीनं उभी. धापा टाकत.

"पप्पा," सांची म्हणाली, "आता मी कुणाला म्हणून दाखवू?"



सर जाता जाता म्हणाले, "वर्ग गेला तर तुमच्यामुळं जाईल. आणि तुमच्याच पोरांचा जाईल." कदाचित खरं असेल. निकाल अजून आलेला नाही. वस्तीत दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. एक म्हणतं, कशाला सांगायला आला होतास. दुसरं म्हणतं, कशाला उघड केलंस. दोघांचंही बरोबर आहे.

त्याच दुपारी मी समितीला अर्ज दिला. खाली 'पेंटर' नाही लिहिलं. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, ठसठशीत. अर्जात एवढंच, की पुढच्या तपासणीला मी शाळेच्या फाटकात उभा राहणार आणि पोरं मोजणार. एक जरी कमी भरलं, तर जो कुणी साहेब येईल त्याला फाटकातच सांगणार, आधी ते पोर आणा, मग तुमचा फॉर्म काढा. वर्ग राहो नाहीतर जावो. आमची पोरं लपवून जो वाचतो, तो आमचा वर्ग नाही. समितीवरून काढलं तर रस्त्यावर उभा राहीन. रस्ता कुणाच्या टॉवेलाचा नाही.

संध्याकाळी बायकोला हे सगळं सांगितलं. जरा ऐटीतच सांगितलं, लपवत नाही. म्हणालो, "आठ घरी चुकीचं सांगून आलो, आता आठही घरी जाऊन चूक कबूल करतो."

ती मेथी निवडत होती, सांची तिला चिकटून बसलेली. मान वर न करता म्हणाली, "आठ नव्हं, नऊ. आधी हिच्यासमोर बसा. मी मधी पडणार नाय."