नणंदेची बोलणी आणि माझी धडधड

माझं हृदय बेताल आहे, हे डॉक्टरांनी मला तिशी ओलांडल्यावर सांगितलं. गाण्याच्या बाईंनी पाचवीतच सांगितलं होतं, पण त्यांच्याकडे ईसीजी नव्हता!

दुखण्याचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. बसल्याजागी छातीत कुणी पोतंभर बेडकं सोडल्यासारखं होतं, घाम फुटतो, आणि मग आपोआप सगळं शांत. थोड्या दिवसांनी पुन्हा बेडकं! दवाखान्यात बाकावरचे आजोबा मला विचारतात, "कुणाला घिऊन आलायसा?"

तर डॉक्टरांनी एक दिवसासाठी मला ठोक्यांची नोंद ठेवणारं होल्टर मशीन लावलं. छातीला चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी, कमरेला डबी, डबीवर लुकलुकणारा हिरवा दिवा. "धडधडलं की हे बटण दाबायचं." बटण दाबलं की आवाज यायचा, टुंई!

आणि नेमकी त्याच संध्याकाळी माझ्या नणंदेच्या, मनीषाच्या, लग्नाची बोलणी! मुलाकडचे पेठ वडगावहून आमच्या घरी येणार.

"साडीत कुठं दिसतायत वायरी?" नवरा म्हणाला. (या माणसाला साडीतलं काहीच दिसत नाही. नवी साडीसुद्धा!)

पोहे द्यायला मी वाकले आणि मुलाच्या मामांना सगळं दिसलं. वायर, डबी, दिवा! ते मुलाच्या वडिलांच्या कानाला लागले. आता आमच्याकडची कुजबूज म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाते.

"दाजी, जपून बोला! बाईनं रेकॉर्डिंग लावलंय!"

मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि बेडकं सुटली. आता हसून सांगते खरी, पण त्या क्षणी दर वेळी मनात एकच येतं: पुढचा ठोका पडेल ना? बोलवेना. मी बटण दाबलं.

टुंई!

मुलाचे वडील नेमके म्हणत होते, "पोराला एक मोटारसायकल..."

"...हाय की जुनी! झ्याक पळत्या!" मामांनी वाक्य पुरं केलं.

छातीत पुन्हा उसळी. टुंई!

"आणि अंगठीचं?" सासऱ्यांनी भीत भीत विचारलं.

"छ्या! बोट जड हुतंय पोराचं!" मुलाचे वडील घाईनं म्हणाले.

सासूबाई माझ्याकडं देवीकडं बघावं तसं बघायला लागल्या. मनीषा दाराआडून खुणावत होती, 'अजून! अजून!' एव्हाना ठोके जाग्यावर आले होते. खुलासा करायची हीच वेळ होती. पण मामा म्हणाले, "लग्नाला मातुर आमची हजारभर माणसं..." आणि माझं बोट आपलं आपणच गेलं.

टुंई!

"...न्हाय, न्हाय! पन्नास! घरचीच!"

एकटा मुलगा, संदीप, मात्र माझ्या तोंडाकडं बघत होता. तो उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"वहिनी, रेकॉर्डिंग ऱ्हाऊ दे. घामानं भिजलायसा की. बरं हाय न्हवं?"

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. वायर, दिवा, बटण, बेडकं. मामांच्या हातातले पोहे हातातच राहिले.

"म्हंजे... आमचं बोलणं कायबी रेकॉर्ड झालं न्हाय?"

"न्हाय मामा. फक्त माझे ठोके."

"मग ती मोटारसायकल..." मामा सावरून बसायला लागले.

संदीप पोट धरून हसत होता. "मामा, आता काय न्हाय! चारचौघांत शब्द दिलायसा!"

"मला मुलगा पसंत हाय!" दाराआडून मनीषा ओरडली. (तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं!) लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी मशीन परत करायला गेले. डॉक्टरांनी स्क्रीनवरचा आलेख बघून मान हलवली. "पहिल्या दोन वेळा ताल चुकलाय खरा. गोळी बदलू. पण तिसऱ्यांदा ठोके अगदी उत्तम आहेत. मग बटण का दाबलं?"

"चुकून," मी म्हटलं.

आणि एवढं एक खोटं बोलल्याबरोबर छाती अशी काही धडधडायला लागली, की डॉक्टरांनी तिथंच मला पुन्हा वायरी लावल्या!