चांगुणाबाईंच्या मांडीवरच्या मोटारी

नवी मोटार तयार झाली की कडूबा मास्तर ती आधी आईच्या मांडीवर नेऊन ठेवायचे. चांगुणाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोर माणूस उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. त्या मोटारीवरून सावकाश हात फिरवायच्या, चाकं चाचपायच्या, इवलंसं दार उघडून आत बोट घालायच्या आणि म्हणायच्या, "चांगली केली रे बाबा. पण ही न्हाई."

कडूबा मास्तर परतूरला प्राथमिक शाळेत शिकवायचे. गोष्ट एकोणीसशे पंच्याहत्तर-शहात्तरची. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि जुन्यापुराण्या मोटारींच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करण्याचा त्यांचा नाद साऱ्या परतूरला ठाऊक झाला होता. डालड्याच्या डब्याचा पत्रा, सायकलच्या ट्यूबचे टायर, शिंप्याकडच्या रेक्झिनच्या चिंध्यांचा टप, कोटाच्या बटणांचे दिवे. खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाची, पण दार उघडणारी, चाक वळणारी.

या नादाचं मूळ त्यांच्या जन्मात होतं. कडूबा मोटारीत जन्मले होते.

चांगुणाबाईंची आधीची दोन लेकरं गेलेली. तिसऱ्या खेपेला त्या अडल्या. गावात सुईणीनं हात टेकले. तेवढ्यात कळलं की जालन्याच्या मिशन दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई शेजारच्या गावी आल्या आहेत. कडूबांचे वडील पळत गेले आणि डॉक्टरीणबाई मोटार घेऊन थेट गावकुसाबाहेरच्या वस्तीत आल्या. निजामाचा काळ. ज्या गावात या वस्तीतल्या माणसाला कुणी आपल्या बैलगाडीत बसवत नव्हतं, त्या गावासमोरून चांगुणाबाई मोटारीच्या मागच्या गादीवर निजून गेल्या. पण दवाखाना काही गाठता आला नाही. वाटूरच्या अलीकडे एका लिंबाखाली गाडी थांबवावी लागली आणि तिथं, गाडीतच, पोरगं झालं. हे तरी जगावं, कुणाची नजर लागू नये, म्हणून नाव कडूबा ठेवलं.

आपण कसल्या मोटारीत जन्मलो, हे कडूबांना लहानपणापासून जाणून घ्यायचं होतं. आईला मोटार म्हणजे मोटार. वडील असते तर त्यांनी काही सांगितलं असतं, पण ते लवकर गेले. मग नोकरी लागल्यावर कधीतरी जालन्याला मस्तगडाजवळ युसूफमियांच्या गॅरेजात त्यांना एक फाटकं इंग्रजी पुस्तक दिसलं, जुन्या मोटारींच्या चित्रांचं. युसूफमिया हाडाचे मेकॅनिक. त्यांनी मास्तरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, पुस्तक घरी न्या. एकेक गाडी बनवा अन् अम्मांच्या हातात द्या. आंखों का काम हात करते हैं."

तसं ते सुरू झालं. सत्यशीलाबाई, मास्तरांची बायको, सुरुवातीला कुरकुरल्या.
"माझा गुळाचा डबा कुठं गेला?"
"त्याचं बॉनेट झालं."
"अन् मंग गूळ कुठं ठेवू, बॉनेटात?"

पण पहिली मोटार चांगुणाबाईंच्या मांडीवर गेली, त्या दिवसापासून त्यांची कुरकुर थांबली. कारण 'ही न्हाई' म्हणताना सासूबाई आणखी काहीतरी बोलून गेल्या. "ही लई बुटकी हाय. त्या मोटारीत चढाया पायरी होती, लांबलचक. तुझ्या आजीनं मला त्या पायरीवर टेकवलं अन् पाणी पाजलं." सत्यशीलाबाईंनी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं. कडूबांनीही नाही.

पुढं दर मोटारीला असंच होत गेलं. तारांच्या चाकांची ऑस्टिन हातात आली, तेव्हा चांगुणाबाई म्हणाल्या, "चाकाला लाकडाचे आरे होते, आपल्या बैलगाडीसारखे. मी पडल्या पडल्या तेच आठवत होते. म्हनलं, एवढ्या मोठ्या लोकायची गाडी, पण चाक आपल्यासारखंच." पुढच्या गाडीला हात लावून म्हणाल्या, "वरती कापडाचा टप होता. त्याला एक भोक होतं, त्यातून ऊन माझ्या तोंडावर यायचं. डॉक्टरीणबाईनं आपला रुमाल त्या भोकात कोंबला." मास्तर आणखी विचारायला गेले, तर म्हणाल्या, "बस, आता याद येऊन राह्यली. येऊ दे."

मोटार चुकली याचं मास्तरांना वाईट वाटेनासं झालं. चुकलेल्या प्रत्येक गाडीतून आई तो दिवस थोडाथोडा परत देत होती.

लाकडी आरे, लांब पायरी, उंच बांधा आणि कापडी टप, हे सगळं ऐकून युसूफमियांनी पुस्तकातल्या एका पानावर बोट ठेवलं. फोर्डची जुनी मॉडेल टी. "बिलकुल हीच. अपने इधर मिशनवाल्यांकडे असायची."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर त्या गाडीला लागले. बांबूच्या कामट्या तासून आरे केले. सत्यशीलाबाईंनी मागची गादी स्वतः शिवली, आत सरकी काढलेला कापूस भरला. गाडी मांडीवर ठेवली, तेव्हा चांगुणाबाईंनी आधी चाकं चाचपली. त्यांचं बोट आऱ्यांवरून पायरीवर आलं, पायरीवरून गादीवर. गादीवर ते थांबलं.

"इकडं माझं डोकं होतं," त्या म्हणाल्या. "अन् हितं तू आल्तास." मग मोटार छातीशी धरून त्या रडल्या.

"गाडी सापडली," सत्यशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "आता त्या दवाखान्यातल्या माणसायला भेटून तरी या."

मास्तर फोर्ड पिशवीत घालून रेल्वेनं जालन्याला दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई केव्हाच वारल्या होत्या. पण जुन्या नर्स मालनबाई आवारातच राहतात, असं कुणीतरी सांगितलं. मालनबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मास्तरांनी मोटार पुढं ठेवली आणि हकिकत सांगितली. मालनबाईंनी सूप बाजूला सारलं.

"लिंबाखाली झालं ते बाळ? ते तुम्ही?"

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"मी होते की त्या गाडीत. नुकतीच शिकायला लागले होते. तुमची आजी, वडील, औषधांच्या पेट्या. गाडीत जागाच उरली नाही. बाई म्हणाल्या, मालन, तू उतर, मागून चालत ये. मी उन्हात रडतच निघाले. मला वाटलं, या अडलेल्या बाईपायी मला उतरवलं. आणि पुढं बघते तर लिंबाखाली गाडी उभी. बाईंनी तुम्हाला माझ्या हातात दिलं. माझ्या हातात आलेलं पहिलं बाळ."

आभार मानायला मास्तर डॉक्टरीणबाईंच्या शोधात आले होते. जिनं आपली जागा दिली, तिचं नावही घरात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी वाकून मालनबाईंच्या पायाला हात लावला. "अहो, असू द्या," त्या संकोचून म्हणाल्या. "आई कशा आहेत?"

मास्तरांनी डोळ्यांचं सांगितलं. ऑपरेशनला चांगुणाबाई घाबरायच्या, घरच्यांचं ऐकत नव्हत्या. मालनबाईंनी ते ऐकलं आणि पुढच्याच रविवारी त्या परतूरला हजर. दोघी म्हाताऱ्या दुपारभर बोलत बसल्या, सत्यशीलाबाईंनी केलेली धपाटी खात. काय बोलल्या ते त्यांनाच माहीत. संध्याकाळी चांगुणाबाई म्हणाल्या, "मी हिच्यासंगं जालन्याला चालले. ही हात धरते म्हनली."

ऑपरेशनच्या वेळी मालनबाई शेवटपर्यंत उशाशी होत्या. फोर्ड मास्तरांनी तिथल्याच पोरांच्या वॉर्डात देऊन टाकली. महिन्याभरात तिचं एक चाक निखळलं, टप फाटला. मास्तर जाऊन हौसेनं दुरुस्त करून आले.

डोळ्याची पट्टी सुटून जाड भिंगाचा चष्मा लागला, तेव्हा मास्तर समोर उभे होते. चांगुणाबाईंनी त्यांच्याकडं खूप वेळ पाहिलं.

"कडूबा," त्या म्हणाल्या, "तुझे केस कधी पिकले रे?"

मालनबाई हसल्या आणि त्यांनी मास्तरांना बसायला आपला स्टूल पुढं सरकवला.